शिंगांचा रंग लागलेली गळकाठी

जालना जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक तिथं बियाणं घ्यायला जातात, लोखंडी सळया घ्यायला जातात, मोसंबीचा सौदा करायला जातात. मी जुन्या गळकाठ्या, म्हणजे गळानं मासे धरायच्या काठ्या, शोधायला निघालो होतो. गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांना हे सांगितल्यावर त्यांनी आपली पिशवी पायाशी ओढून घेतली आणि जालना येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

खरं तर मी मासे धरत नाही. नदीकाठी तासन् तास बसण्याइतका माझा स्वभाव गोड नाही. पण जुन्या गळकाठ्या जमवतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर नाशिकच्या घरात एक काचेचं कपाट केलं आणि त्यात त्या उभ्या केल्या. पूर्वीची चांगली गळकाठी बांबूचीच असते, पण सबंध बांबूची नव्हे. बांबूच्या सालीकडच्या निमुळत्या पट्ट्या तासायच्या आणि अशा सहा पट्ट्या चिकटवून एक काठी करायची. त्यामुळे तिला सहा बाजू असतात. डोळे मिटून बोटांत फिरवली की त्या लागतात. तिचे दोन-तीन तुकडे पितळी नळ्यांनी जोडलेले असतात, आणि चांगला जोड उपसताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज होतो. दोरी ओवायच्या कड्या रेशमी धाग्यानं गुंडाळून बसवतात. त्यावरचं वॉर्निश मुरत मुरत मधाच्या रंगाचं होतं. मुठीच्या वर कारागिराचं नाव शाईनं लिहिलेलं असतं. हे रेशीम, हे वॉर्निश आणि ही शाई शाबूत असेल तर ती गळकाठी, नाहीतर सरपण. हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांच्या तोंडावर फेकलेलं आहे.

कपाटात सगळ्या होत्या, एक सोडून. ती आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची. अण्णा पाटबंधारे खात्यात होते आणि माझ्या लहानपणी आम्ही भोकरदनला राहत होतो. हैदराबादच्या एका निवृत्त इंजिनिअरांनी त्यांना एक विलायती काठी दिली होती. रविवारी अण्णा ती घेऊन धरणावर जात. मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. एकदा तिची खालची मोठी कडी तडकली. अण्णांनी त्या जागी आईच्या पायातलं चांदीचं जोडवं बसवलं, सोनाराकडून त्याला दोन बारीक पाय जोडून घेतले आणि शिंप्याच्या काळ्या दोऱ्यानं ते गुंडाळलं. "कमलनं स्वतः पायातून काढून दिलं," असं अण्णा पाहुण्यांना अभिमानानं सांगत. भोकरदनहून बदली झाली तेव्हा काठी ट्रकमध्ये हरवली, असं आम्हाला सांगण्यात आलं.

जोडव्याची ही गोष्ट मी काठ्या जमवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत इतक्या वेळा सांगितली आहे की काहींना ती पाठ आहे. नवऱ्याच्या छंदासाठी बायकोनं पायातलं जोडवं काढून द्यावं! ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होत. माझेही होत.

या वर्षी पाडव्याला मला जालन्याहून एक फोटो आला. पिंपळगाव रेणुकाईच्या एका घराची गुढी. तिच्या काठीला मधोमध पितळी जोड होता आणि खाली बुचाच्या लाकडाची मूठ, तिच्यावर विडीचे दोन काळे डाग. अण्णा गळाला मासा लागला की हातातली विडी मुठीवर टेकवत. फोटो मोठा करून करून मी डोळे दुखवून घेतले. त्यात जोडवं काही दिसेना, कारण साखरेच्या गाठींची लांब माळ त्या जागेपर्यंत लोंबत होती.

जालना

फोटो पाठवणारा जालन्याच्या जुन्या बाजारातला तांब्याचे बंब आणि पितळी हंडे विकणारा दुकानदार. काठीसारखं काहीही दिसलं की तो मला फोटो पाठवायचा. आजवर त्यानं मला छत्रीचे दांडे, पडद्याचे गज आणि एका वकिलाची हातातली छडी पाठवली होती. गुढीचा फोटोही त्याच्या कुठल्याशा गिऱ्हाइकाकडून आलेल्या शुभेच्छांचा होता आणि त्यानं तो सवयीनं पुढे ढकलला होता.

दुकानात त्यानं मला बसवलं, चहा मागवला आणि आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं.

"निजामाच्या टायमाची चीज हाये साहेब. बिलकुल असली. हात लावून पाहा."

मी डोळे मिटून बोटांत फिरवली. गोल होती. एकही बाजू लागली नाही. बिलियर्डची काठी होती ती, आणि टोकाला अजून खडूची निळी भुकटी होती. मी तसं सांगितल्यावर तो जराही ओशाळला नाही.

"मंग ती घ्या की. खेळायची तर खेळायची."

त्याच्याकडे प्रत्येक वस्तू निजामाची होती. पानाचा डबा निजामाचा, पाट निजामाचा, गंजलेली कोळशाची इस्त्रीही निजामाची. निजामाला स्वतःला इस्त्री करायची वेळ कधी आली असेल, हे मी विचारलं नाही. त्यानं पिंपळगावच्या त्या घराचा फोन नंबर मिळवून दिला होता, तेवढ्यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ होते. मी महिनाभर आधीच तिथं फोन केला होता. घरधनी विष्णू नावाचे शेतकरी. "पोळा होऊ द्या साहेब, मंग या निवांत," म्हणाले. मी त्यांना बजावून सांगितलं, की ती काठी फार जुनी आणि मोलाची आहे, आमच्या वडिलांची असावी, मी न्यायला येतोय, तोवर तिला चांगली ठेवा. शेवटचे तीन शब्द मी दोनदा उच्चारले.

दुकानदार म्हणाला, "आलेच हायेत तर कुंभार पिंपळगावला बी जाऊन या. तिथं एका पाटलाकडं इंग्रजाची गळकाठी हाये. खानदानी."

कुंभार पिंपळगाव

जिल्ह्यात पिंपळगावं बरीच. हे दक्षिणेकडचं, घनसावंगी तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाचं. मी गेलो तेव्हा नेमका आठवडी बाजार होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्या, लसणाच्या पेंढ्या, प्लास्टिकच्या बादल्या आणि बैलांच्या उरलेल्या झुली स्वस्तात काढलेल्या. आमच्या नाशकात बाजारात माणसं भाजी बघतात, इथं माणसं माणसं बघतात. मी पाटलांचं घर विचारल्यापासून दारात पोहोचेपर्यंत माझ्यामागे चांगली वरात जमली होती. मध्ये एका ठिकाणी काळ्या चिखलानं माझी डावी चप्पल धरून ठेवली आणि ती उपसताना तिचा अंगठा तुटला. उरलेला दिवस मी पाय घासत चाललो.

पाटील साठीचे, धोतर-टोपीतले, बोलायला मऊ. आधी पाणी, मग चहा, मग सुशीला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यासारखा पदार्थ. मराठवाड्याबाहेर कुणाला तो माहीत नाही हे मराठवाड्याचं नशीब म्हणायचं की आपलं, ते ठरवता येत नाही. मी दोनदा मागून घेतला. मग त्यांनी भिंतीवरच्या खुंट्यांवरून ती वस्तू काढली. तिला हार घातलेला होता.

"आमच्या आज्याला इंग्रज सायबानं देल्ती. आज्यानं त्याला गोदावरीत बुडताना वर काढलं, म्हनून बक्षीस."

सबंध बांबू, मधोमध पितळेची जाड नळी, खाली लोखंडी टोक. कड्यांची एकही खूण नाही. तो तंबूचा बांबूचा खांब होता, जुना पण साधा.

"ही गळकाठी नाही," मी म्हणालो. "तंबूचा खांब आहे."

दारातली वरात पुढे सरकली. पाटलांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली. ती उलटसुलट करून पाहिली, जणू मी सांगितल्यावर ती बदलली असावी.

"मंग आमचा आजा खोटं बोलून राह्यला होता का?"

"मला ते ठाऊक नाही. मी काठीबद्दल सांगतोय."

"तुमाला काठीतलं कळतंय. आज्यातलं काय कळतंय?"

त्यांनी मला जेवायला थांबा म्हटलं नाही. मराठवाड्यात असं माझ्याबाबतीत पहिल्यांदाच घडलं. परतीच्या बसमध्ये मला स्वतःचा राग यायला हवा होता. आला तो पाटलांचा. माणसं घरातली गोष्ट वस्तूला चिकटवतात आणि मग वस्तू खोटी निघाली की सांगणाऱ्यावर भडकतात, असं मी मनात म्हणत होतो, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटत होतं.

भोकरदन

भोकरदन जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. लहानपणीचं गाव पुन्हा पाहू नये, असं म्हणणारे लोक मला नाटकी वाटत. आता वाटत नाहीत. आमची सरकारी वसाहत होती तिथं कृषी सेवा केंद्रांची रांग आहे. माझ्या शाळेच्या जागी शाळाच आहे, पण तीन मजल्यांची. केळना नदी मला आठवत होती तिच्या निम्मी झाली आहे. बसस्टँडवर सोयाबीनचा भाव काय होणार यावर तावातावानं बोलणारी माणसं तेवढी तीच वाटली.

धरणाच्या भिंतीवर गेलो. अण्णा जिथं बसत तो दगड शोधत होतो. दगड पुष्कळ होते. पाण्यात पोरं नायलॉनची जाळी टाकून बसली होती आणि काठावर दारूच्या बाटल्यांच्या काचा होत्या. इथं अण्णा मला बरोबर आणत, पण दहा पावलं मागे बसवत. काठी हलली की मासा पळतो, म्हणत. माझ्या बालपणाचे सगळे रविवार मी अण्णांच्या पाठीकडे बघत घालवले आहेत. या एका काठीनं मला वडिलांपासून लांब बसवलं आणि मी पुढचं सगळं आयुष्य तिच्यासारख्या काठ्या गोळा करत हिंडलो. भिंतीवर उभं राहून हे मला स्वच्छ दिसलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

पिंपळगाव रेणुकाई

भोकरदनहून पुढं गेलं की हवेत मिरचीचा तिखटपणा यायला लागतो. हा मिरचीचा मुलूख. गावाबाहेर टेम्पोंत हिरव्या मिरचीची पोती चढत होती आणि चढवणारे शिंकत होते. पोळा होऊन दोन दिवस झाले होते. रस्त्यातल्या बैलांची शिंगं अजून झळाळत होती. आमच्याकडे नाशिक भागात शिंगांना हिंगूळ लावतात, लाल. इथं निळा रंग आणि त्यावर सोनेरी पट्टे. ट्रॅक्टरच्या बोनेटलाही कुणी कुणी दोन पट्टे ओढले होते.

विष्णू रस्त्यापर्यंत घ्यायला आले. पन्नाशीचे, सडपातळ. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती, आता कपाशी आणि मिरची आहे. वडील भागूजी धरणावर चौकीदार होते, अण्णांच्या हाताखाली. ते वारून बरीच वर्षं झाली. आई द्वारकाबाई ओसरीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पण आवाज खणखणीत.

"इंजिनेर साहेबाचा पोऱ्या का तू? नाकावरून बराबर वळखला. बस."

पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या गरम करून आल्या, सोबत येसर, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याचं पीठ, घातलेली आमटी. मी चार घास कसेबसे गिळले. माझं लक्ष सारखं आतल्या दाराकडे. शेवटी विष्णू आत गेले आणि दोन्ही हातांत आडवी धरून, लग्नात आहेराचं ताट आणावं तशी ती काठी घेऊन आले.

ती निळी होती. खालपासून वरपर्यंत चकचकीत निळी, आणि प्रत्येक कडीच्या जागी सोनेरी पट्टा. मूठ सोनेरी. पितळी जोड सोनेरी. टोकाला लाल गोंडा.

"शिंगांचा रंग उरल्ता," विष्णू हसत म्हणाले. "तुमी फोनवर म्हन्ले ना, चांगली ठेवा म्हनून. आधी पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस घासली. लई काळपट झाल्ती. मुठीजवळ काय तरी शाईचं खरडेल होतं, ते बी घालवलं. आता बघा कशी नवी दिसून राह्यली!"

मी काठी हातात घेतली. पाहुण्याला द्यायची वस्तू आहे तशी कशी द्यायची? पोळ्याला घरातला बैल, गाडी, नांगर सगळं रंगवतात, मग मोलाची काठी तेवढी कळकट का ठेवायची? त्यांचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ओरडताही येईना. मी डोळे मिटले आणि काठी बोटांत फिरवली. सहा बाजू होत्या. जोड उपसला, बुचासारखा आवाज आला, आणि सोनेरी रंगाचा एक पापुद्रा माझ्या मांडीवर पडला. काठी अण्णांचीच होती. आणि माझ्याच नियमानं ती सरपण होती.

मग मी खालची कडी शोधली. त्या जागी नुसता सोनेरी पट्टा होता.

"इथं एक चांदीची कडी होती," मी विष्णूंना म्हणालो. माझा आवाज चढला होता. "जोडव्याची. कुठंय ती? रंगवताना काढलीत?"

"न्हाई हो साहेब, मी काय काढली न्हाई! मला कळतं तवापसून हितं काय नव्हतं."

"म्या काढली," ओसरीवरून द्वारकाबाई म्हणाल्या.

मी वळलो. त्या विड्याचं पान लावत होत्या, ते खाली ठेवलं.

"साहेबाची बदली झाली तवा आमच्या मालकानं ही काठी घरी आनली. म्हन्ले, साहेबानं देल्ली. कामून देल्ली म्हनून म्या इचारलं, तर म्हन्ले, साहेबाची बाई हिला घरात ठिवू देईना. म्या काठी पाह्यली. खाली जोडवं बांधेल. म्या म्हन्लं, बाई वारली का? मालक म्हन्ले, न्हाई, चांगली जित्ती हाये. मंग म्या म्हन्लं, जित्त्या सवाष्णीचं जोडवं काठीला कामून?"

"तिनं स्वतः काढून दिलं होतं," मी म्हणालो. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, ते आपोआप आलं.

द्वारकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाटलांनी तंबूच्या खांबाकडे पाहिलं होतं तसं.

"कोन म्हन्लं तुला?"

"अण्णा."

"हां," त्या म्हणाल्या, आणि पान पुन्हा हातात घेतलं. "बाई कधी जोडवं काढून देत न्हाई, दादा. बाप मागो का नवरा मागो. आनि कशाला, तर मासे मारायला! मला ते बघवना. रोज खुंटीवर दिसायचं. म्या दोरा कापला, जोडवं धुतलं, खण-नारळ घेतला आनि रेणुकाईच्या पायावर घालून आले. देवीला म्हन्लं, हिचं हिला सांभाळ. मालक लई चिडले. साहेबाची चीज हाये, कुणाला इचारून काढली? म्या म्हन्लं, साहेबानं कुणाला इचारलं होतं?"

विष्णू खाली बघत होते.

"नाव काय आईचं?" द्वारकाबाईंनी विचारलं. "तवा मला ठाव नव्हतं. साहेबाची बाई म्हनूनच ओटी भरली. देवीला काय कळलं आसंल कोनाची, साहेब तर शंभर हायेत."

"कमल."

"जित्ती हाये?"

"आहे. चौऱ्याऐंशीची आहे."

"आनि साहेब?"

"अण्णा गेले. सहा वर्षं झाली."

त्या उठल्या. सुनेला हाक मारली, नवा खण काढायला लावला, आणि मला तशाच तुटक्या चपलेनं रेणुकाईच्या देवळात घेऊन गेल्या. गाभाऱ्यात पुजाऱ्याला खण-नारळ देऊन त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "कमलबाईच्या नावानं." जोडवं कुठं आहे, असं मी विचारणार होतो. इतक्या वर्षांत ते कुठल्या मुकुटात आटलं असेल कोण जाणे. देवीच्या पायांशी तांदळाचा ढीग होता, त्यात मी उगाच शोधत होतो.

निघताना मी पाकीट काढलं तर द्वारकाबाई रागावल्या.

"काठीचे पैसे घ्यायला आमी काय जालन्याचे बंबवाले हाओत का? तुझ्या बापाची हाये, ने. पाडव्याला गुढीला दुसरा बांबू तोडतील. पन एक सांगते, ह्या काठीला म्या धुऊन पुसून, वर्साचं वर्साला चांगलं लुगडं नेसवलंय. म्हनून टिकली. तुझ्या बापाच्या घरी राह्यली असती तर केव्हाच मोडली असती."

नाशिक

थिनर, कापूस आणि बारीक ब्रश मी येतानाच घेतले. रंग सावकाश उतरवायचा, रेशीम जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं, खालच्या कडीच्या जागी नवं चांदीचं जोडवं बसवायचं, असा माझा बेत होता. माणूस किती निगरगट्ट असू शकतो हे मला माझ्यावरूनच कळतं. द्वारकाबाईंनी एवढं सांगूनही माझ्या डोक्यात कपाटातली रिकामी जागाच होती.

आई खिडकीशी बसली होती. मी काठीचे तुकडे जोडून ती तिच्यापुढे उभी केली. तिनं हात लावला नाही. निळ्या रंगाकडे, सोनेरी पट्ट्यांकडे, लाल गोंड्याकडे ती बघत राहिली आणि हसली. आई हसली की तिचे डोळे हसतात, तेव्हा हसले नाहीत.

"बैलाचं शिंग दिसतंय," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. भागूजींच्या बायकोनं खण-नारळानं देवीची ओटी भरली तिथपर्यंत आलो, तेव्हा तिनं मला थांबवलं.

"खण कुठला होता?"

"पहिला मला माहीत नाही. आता भरला तो हिरवा."

"माझ्या नावानं?"

"हो. मोठ्यानं सांगितलं त्यांनी."

मग मी ते विचारलं, जे साठी ओलांडेपर्यंत विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"आई, जोडवं तू काढून दिलं होतंस ना?"

"तेल लावायला काढली होती. खिडकीत ठेवली. सकाळी बघते तर एकच. मी घरभर शोधलं. मोलकरणीला बोलले, ती रडली बिचारी. चार दिवसांनी तुझे अण्णा धरणावरून आले आणि काठी कोपऱ्यात ठेवली, तेव्हा दिसलं." ती पायांकडे पाहत होती. "नवी घेऊन देतो म्हणाले. घेऊनही आले. मी घातली नाहीत. पाय सुजतात म्हणून सांगत राहिले सगळ्यांना."

पाय सुजतात. मलाही ती तेच सांगायची आणि मी तिला दर वर्षी डॉक्टरांकडे नेत असे.

"अण्णा गेले त्या दिवशी," आई म्हणाली, "बायका जमल्या. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. तुझी मामी जोडवी काढायला पायाशी बसली आणि तिथं काही नव्हतंच. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, राहू दे गं. नवरा मेल्यावर काढतात ते. माझं त्यांनी जिवंतपणीच काढलं होतं, मासे धरायला."

थिनरची बाटली माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली.

"ही काठी द्वारकाबाईंना परत देऊन ये," आई म्हणाली. "तिच्या गुढीला लागते ना ती? आणि रंग काढू नकोस. तिच्या पोरानं हौसेनं लावलाय."

मी काठीचे तुकडे सोडवले. जोडातून तोच बुचासारखा आवाज आला, आणि आईनं तोंड खिडकीकडे फिरवलं.